दिवे घाटातला सुस्कारा

बंद पडणाऱ्या मोटरसायकली दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीची घरून निघतानाच बंद असते. ही सज्जन मोटरसायकल. ती आपलं म्हणणं दारातच स्पष्ट सांगते. आपण पंचवीस किका मारतो, घाम पुसतो, तिला दोन शब्द सुनावतो आणि मुकाट्याने बस पकडतो. दुसऱ्या जातीची मात्र पहिल्या किकेला सुरू होते, वाड्यातल्या लोकांसमोर आपली मान ताठ करते, इस्त्रीच्या कपड्यांनिशी आपल्याला गावाबाहेर घेऊन जाते, आणि जिथे बस थांबत नाही, रिक्षा फिरकत नाही, सावलीला एक धड बाभळसुद्धा नाही, अशी जागा हेरून तिथे प्राण सोडते. माझ्या नशिबी ही दुसरी आली होती.

गोष्ट १९८८ सालची. त्या साली मार्च महिन्यात मी एक मोटरसायकल घेतली. सेकंडहँड. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. दोष कोणाचा होता ते पुढे येईलच. मला जितकं लांबवता येईल तितकं मी लांबवणार आहे.

मोटरसायकल घ्यायला आमच्या सौ.ने परवानगी दिली ती एकाच कारणासाठी. तिचं माहेर सासवड. पुण्याहून अंतर तीस-एक किलोमीटर. पण कडेवर वर्षाची मुलगी, खांद्याला दुधाच्या बाटल्यांची पिशवी आणि पुढे एस.टी.ची रांग असली की ते तीनशे होतं. मोटरसायकल दाराशी उभी राहिली त्या दिवशी सौ.ने तिच्या हँडलला हार घातला आणि म्हणाली, "चला, आता दर रविवारी सासवडला जाता येईल!"

'दर रविवारी' हे शब्द ऐकून मी हसलो. पण ते हसू, खरं सांगायचं तर, चेहऱ्यावर जरा आखूडच पडलं. याचं कारण माझे सासरे. अण्णा चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, पण निवृत्तीची बातमी त्यांच्या स्वभावापर्यंत पोचली नव्हती. ते प्रश्न विचारत. मी चहाचा कप तोंडाला लावला की विचारत, "जावईबापू, बशीतला चहा लवकर का निवतो?" लग्नाआधी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीने मला एकही प्रश्न विचारला नव्हता, अण्णांनी सात विचारले होते. त्यातले चार मला आले नव्हते. तरी मुलगी दिली, हा त्यांचा मोठेपणा. पण दर रविवारी तोंडी परीक्षा म्हणजे जरा जास्तच.

तरीही जूनपर्यंत आम्ही सात-आठ वेळा जाऊन आलो. गाडी झकास चालत होती. हडपसर, फुरसुंगी फाटा, वडकी, मग दिवे घाट. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आषाढी वारीत ज्या घाटाने चढते, तोच हा घाट. घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसायला लागला की सौ. मागून म्हणायची, "आलं हं सासवड!" वास्तविक सासवड अजून बरंच पुढे असायचं. पण माहेरचं गाव घाटापासूनच सुरू होतं.

मग पाऊस सुरू झाला आणि गाडी सकाळी सुरू होईना. गॅरेजमधल्या मिस्त्रीने कार्बोरेटर उघडून वाटीत पालथा केला. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे टपोरे थेंब मण्यांसारखे बसले होते. मिस्त्री म्हणाला, "साहेब, टाकीत पाणी जातंय. रात्री पावसात उभी करता ना? झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी बांधत जा."

आता मी पडलो सुशिक्षित माणूस. सरकारी कार्यालयात वरच्या श्रेणीचा कारकून. मोटरसायकलच्या टाकीला पिशवी बांधून ती सुतळीने आवळणं हे काही माझ्या बुद्धीला शोभणारं नव्हतं. मी त्याच रात्री, सगळी निजानीज झाल्यावर, बॅटरी घेऊन खाली गेलो आणि त्या पाण्याचा कायमचा बंदोबस्त केला. काय केला, त्या तपशिलात आत्ता शिरत नाही. त्यानंतर टाकीत पाण्याचा एक थेंब गेला नाही, एवढंच सांगतो. सत्कर्म करून विसरून जावं असं म्हणतात. मी विसरलो.

गाडी चालता चालता पहिल्यांदा बंद पडली ती ऑगस्टमध्ये. नागपंचमीला सौ.ला माहेरी न्यायचं होतं. निघताना मी टाकी गच्च भरून घेतली. हडपसर मागे टाकलं, फुरसुंगी फाटा आला, आणि रस्त्याकडेच्या एका रसवंतीसमोर गाडी चारपाच आचके देऊन गप्प झाली. पावसाळा असल्यामुळे रसवंतीही बंदच होती. दोघींचं जमलं.

अशा वेळी प्रत्येक पुरुष पहिल्यांदा जे करतो ते मी केलं. टाकीचं झाकण उघडलं, आत डोळा घातला, गाडी डावी-उजवीकडे हलवून पेट्रोलचं डचमळणं ऐकलं आणि "पेट्रोल तर आहे!" असं जाहीर केलं. मग झाकण लावून प्लग काढला, फुंकर मारली, रुमालाला पुसला, परत बसवला, किक मारली. गाडी सुरू!

"प्लगला कचरा होता," मी सौ.ला म्हणालो. रुमालाला लागलेला काळा डाग मी तिला पदक दाखवावं तसा दाखवला. तो रुमाल तिने परवाच नीळ घालून धुतला होता.

पुढे नऊ-दहा किलोमीटर गेलो आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. आचके, शांतता, झाकण, "पेट्रोल तर आहे", प्लग. या वेळी प्लग स्वच्छ होता. एक गुराखी आजोबा काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "घाटाच्या देवाचं नाव घेऊन मारा लाथ." मी नाव घेतलं. गाडी सुरू. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या खेपेला मी घरूनच नारळ घेऊन निघालो.

इथून पुढे माझ्या आयुष्यात एक शास्त्रीय कालखंड सुरू झाला. इंजिनाला लागतात तीन गोष्टी: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्ही वेळेवर भेटल्या की स्फोट होतो आणि चाक फिरतं. एक जरी रुसली तरी गाडी उभी. हे ज्ञान मला मिस्त्रीने दिलं आणि एकेका रुसव्याचे वेगळे पैसे घेतले. पहिल्यांदा प्लग बदलला. मग पॉइंट घासले. मग "कंडेन्सर वीक आहे" म्हणून तो गेला. मग कार्बोरेटर साफ झाला, त्याच्या जेटमधून मिस्त्रीने तोंडाने हवा मारली आणि उजेडाकडे धरून मला त्यातलं छिद्र दाखवलं. मला छिद्र दिसलं नाही, पण मी मान डोलावली. माझ्या आयुष्यातल्या पुष्कळशा चुका मी मान डोलावून केलेल्या आहेत.

दर वेळी मिस्त्री गाडीवरून दोन किलोमीटरची चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "एक नंबर!" मी म्हणायचो, "पण ती नऊ-दहा किलोमीटरनंतर बंद पडते." तो म्हणायचा, "साहेब, मग माझ्यासमोर बंद पाडून दाखवा." आता नऊ-दहा किलोमीटर मिस्त्रीला डबलसीट घेऊन फिरवायचं, तर त्याचं गॅरेज कोणी बघायचं?

वाड्यात तर सिद्धान्तांचं पीकच आलं. समोरच्या खोलीतले काका पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असते या मताचे होते. ते दुधापासून राजकारणापर्यंत सगळीकडे याच मताचे होते. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर चिरंजीव म्हणाले, "कॉइल गरम झाली की मार खाते. म्हणून तर लांब गेल्यावरच बंद पडते आणि थांबलं की सुरू होते!" हा सिद्धान्त इतका सुंदर होता, इतका सगळीकडून नीट बसत होता, की मी दुसऱ्याच दिवशी नवी कॉइल घातली. पुढच्या रविवारी गाडी फुरसुंगी फाट्याला त्याच रसवंतीसमोर नव्या कॉइलसकट बंद पडली.

आणि गंमत अशी, की प्रत्येक उपाय लागू पडत होता! रस्त्यात मी प्लग पुसला तरी गाडी सुरू व्हायची, नारळ फोडला तरी व्हायची, एकदा एका ट्रकच्या क्लीनरने नुसतीच वायर हलवली तरी झाली. एकदा काही न सुचून मी गाडीची क्षमा मागितली, तेव्हाही झाली. सगळ्या उपायांनी बरा होणारा आणि कोणत्याच उपायाने न जाणारा असा तो आजार होता. फक्त सुरुवातीला झाकण उघडून पेट्रोल बघण्याचा विधी मी कधी चुकवत नसे. झाकण उघडताना गाडी 'फुस्स' करून एक सुस्कारा टाकायची. मला वाटे, तीही बिचारी कंटाळली असेल. मीही एक टाकायचो.

पण या सगळ्या सिद्धान्तांत बिनतोड सिद्धान्त एकच होता आणि तो सौ.चा होता. तो तिने ऑक्टोबरात मांडला. म्हणजे मांडला असं नाही, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "कॅम्पात ऑफिसला जाताना नाही हो कधी बंद पडत."

"नाही."

"सारसबागेत जातानाही नाही."

"नाही."

"कोथरूडला तुमच्या ताईंकडे जाताना तर मुळीच नाही."

मी गप्प. ऑफिस चार किलोमीटर, ताईचं घर पाच. गाडी बंद पडत होती ती फक्त आणि फक्त सासवडच्या रस्त्यावर. कोणतंही न्यायालय असतं तरी त्याने हेच अनुमान काढलं असतं. आणि माझं ते मार्चमधलं आखूड हसू सौ.ने पाहिलं होतं, हेही मला ठाऊक होतं. बायका हार घालतानासुद्धा आपल्याकडे लक्ष ठेवून असतात.

दसऱ्याला गाडीची यथासांग पूजा झाली. मी स्वतः टाकीवर, झाकणावर, हेडलाइटवर हळदकुंकवाची बोटं उमटवली, झेंडूची माळ घातली आणि मनातल्या मनात तिला सांगितलं, "बाई गं, माझी अब्रू तुझ्या हातात आहे." तिने ऐकलं नाही. तिचा तरी काय दोष? तिचं नाक मी दाबून धरलं होतं.

डिसेंबरात अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. गावात नेत्रशिबिर होतं. रविवारी सकाळी दहाला त्यांना आत नेणार होते. एवढा कडक माणूस, पण त्यांनी पोस्टकार्डावर दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरी ओळ होती, 'जमल्यास त्याआधी यावे.' अण्णांच्या पत्रात 'जमल्यास' हा शब्द सौ.ने जन्मात पहिल्यांदा पाहिला होता. ती ते कार्ड दिवसभर पोळपाटाशेजारी ठेवून वावरत होती.

आम्ही सातलाच निघालो. वाटेत धोका नको म्हणून मी नेहमीप्रमाणे टाकी गच्च भरली. आणि त्या दिवशी गाडीने कहर केला. हडपसर ओलांडायच्या आतच पहिला मुक्काम. मग फाट्यापाशी. मग घाटाच्या पायथ्याशी. मी चिडून झाकण उघडायचा विधी सोडून दिला. पेट्रोल होतंच, ते मी स्वतः भरलं होतं. नुसत्या किका मारत बसलो. अर्धा-अर्धा तास किका. सौ. छकुलीला शालीत गुंडाळून मैलाच्या दगडावर बसली होती. तिने मला एकदाही 'काय झालं?' असं विचारलं नाही. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. अण्णा डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर पडले होते. सासूबाई हळूच लेकीला म्हणाल्या, "आत नेईपर्यंत दाराकडे तोंड करून बसले होते गं. दिसत काही नव्हतं, पण बसले होते."

परत येताना काळोखात घाट उतरल्यावर गाडी पुन्हा थांबली. मी खाली वाकून काहीतरी खुडबुड करत होतो. मागून सौ.चा आवाज आला, अगदी शांत:

"एवढं यायचंच नव्हतं, तर नुसतं तसं सांगायचं."

मी प्लग हातात घेऊन उभा राहिलो. त्याला कचरा नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही एस.टी.ने जायला हवं होतं. पण मी हट्टाला पेटलो होतो. पुरुषाला आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं असलं की तो आणखी एक गुन्हा करतो. मी पुन्हा मोटरसायकलच काढली आणि पुन्हा दोनदा थांबून, साडेअकराला सासवडला पोचलो.

अण्णा ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. मी दबकत जाऊन नमस्कार केला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणालो, "अण्णा, गाडी बंद पडली."

मला वाटलं, आता बोलणं खावं लागणार. पण अण्णांचा चेहरा एकदम उजळला. आठ दिवस त्यांना वाचायला बंदी होती. कोणीतरी बिचाऱ्यांना एक प्रश्न आणून दिला होता!

"बसा," ते म्हणाले. "काय काय बदललंत?"

मी यादी वाचली. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्बोरेटर, नारळ दोन.

"तुम्ही उत्तरं पुष्कळ गोळा केलीत," अण्णा म्हणाले. "आता प्रश्न काय होता ते सांगा. बंद पडताना ती दिवा मालवावा तशी एकदम जाते, की आधी आचके देते?"

मी आठवायला लागलो. गेले चार महिने मी त्या इंजिनाचा प्रत्येक स्क्रू ओळखायला लागलो होतो, पण ती बंद कशी पडते याकडे माझं लक्षच गेलेलं नव्हतं. ती बंद पडायला लागली की मी चिडायला लागत असे.

"आचके देते," दारातून सौ. म्हणाली. "चारपाच. मला आधी कळतं. मी छकुलीला घट्ट धरते."

"हां! म्हणजे ठिणगी नव्हे. ठिणगी गेली तर एकदम अंधार. आचके म्हणजे उपासमार. पेट्रोल पोचत नाही. बरं, टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते, का कमी असली की?"

"काहीतरीच काय अण्णा," मी म्हणालो, "भरलेली असताना लवकर कशी..."

"भरलेली असली की लवकर," सौ. म्हणाली. "कोजागिरीच्या सुमाराला महिनाअखेर होती, आपण पेट्रोल भरलंच नव्हतं. तेव्हा थेट वडकीपर्यंत गेलो होतो. आणि परवा गच्च भरली तर हडपसरसुद्धा नाही."

मी तिच्याकडे बघत राहिलो. मी गाडीचे भाग पाठ केले होते, हिने गाडीचा आजार पाठ केला होता. मैलाच्या दगडावर बसून दुसरं काय करणार?

"शाबास," अण्णा म्हणाले. हे मला नव्हतं. "आता शेवटचा. थांबल्यावर सुरू होण्याआधी दर वेळी न चुकता केलेली गोष्ट कोणती?"

"प्लग," मी म्हणालो.

"झाकण," सौ. म्हणाली. "हे दर वेळी आधी टाकीचं झाकण उघडून बघतात. फुस्स असा आवाज येतो."

आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या पंधरा किलोचा तेलाचा नवा डबा फोडत होत्या. हातात खिळा आणि बत्ता. म्हणाल्या, "मग डब्याला दुसरं भोक पाडलं नसेल हो जावईबापूंनी!"

अण्णांनी टाळी वाजवली. काळ्या चष्म्याआड त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण मला सगळं लख्ख दिसायला लागलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुटगुट करत, अडत अडत येतं आणि मग थांबतं. दुसरं पाडलं की धार लागते, कारण तेल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. मोटरसायकलच्या टाकीचंही तेच. पेट्रोल खाली कार्बोरेटरमध्ये आपल्या वजनाने उतरतं, ते ओढायला माझ्या गाडीत पंप नव्हता. ते उतरेल तितकी हवा वरून आत यावी म्हणून झाकणाला एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. ते बुजलं, की आतली हवा विरळ होत जाते आणि पेट्रोल टाकीतच अडकून बसतं. काचेच्या नळीत पाणी भरून वरच्या टोकावर बोट ठेवावं तसं. टाकी गच्च भरलेली असली की आत हवेला जागाच थोडी, म्हणून थोडंसं पेट्रोल गेलं तरी अडतं. चार किलोमीटरच्या ऑफिसात तोवर पोचायला होतं, आणि दिवसभर उभ्या गाडीत कुठूनतरी झिरपून हवा भरते. झाकण उघडलं की फुस्स. मग प्लग पुसा, नारळ फोडा, क्षमा मागा, गाडी सुरूच होणार! चार महिने मी श्रेय भलत्यालाच देत होतो.

"एका वेळी एकच गोष्ट करायची," अण्णा म्हणत होते. "पाच गोष्टी एकदम केल्या की रोगी बरा होतो आणि रोग कळत नाही. बघा बरं ते छिद्र, कशाने बुजलंय ते."

'छिद्र' हा शब्द कानावर पडला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण ते छिद्र मी पाहिलेलं होतं. जुलै महिन्यात. रात्री. बॅटरीच्या उजेडात.

आम्ही अंगणात गेलो. मी, सौ., आणि तिचा हात धरून अण्णा. सौ.ने दसऱ्याचं वाळलेलं हळदकुंकू नखाने खरवडलं, केसातला आकडा काढला आणि त्याचं टोक छिद्रात घालून फिरवलं. टोकाला काहीतरी चिकटून आलं. तिने आकडा उन्हात धरला.

मेण होतं. गुलाबी.

त्या जूनमध्ये छकुलीचा पहिला वाढदिवस झाला होता. केकवर लावायला म्हणून सौ.ने स्वतः मंडईजवळून मेणबत्त्यांचं पाकीट आणलं होतं. एक लावली होती, बाकीच्या उरल्या होत्या. गुलाबी होत्या.

सौ.ने आकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आकड्याकडे. त्या चार-पाच सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोरून मैलाचा दगड, पोस्टकार्ड आणि नेत्रशिबिराचं दार अशी सगळी मिरवणूक गेली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काय आहे गं?" अण्णांनी विचारलं.

"हळदकुंकू," सौ. म्हणाली. "दसऱ्याचं. बसलंय घट्ट." आणि आकडा पदराला पुसून तिने परत केसात खोवला.

मी तोंड मिटलं.

दुपारी सीताफळं झाली नाहीत, हंगाम सरला होता. पण अंजिरं झाली, जेवण झालं, अण्णांनी मला बशीतल्या चहाचा प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी मी पृष्ठभागाचं उत्तर बरोबर दिलं. पाच वाजता निघालो. सासवड मागे पडलं, पठार संपलं, घाटमाथा आला. गाडी पाण्यासारखी चालली होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबवा जरा."

मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. त्या घाटात इंजिन माझ्या इच्छेने बंद होण्याची ती कितीतरी महिन्यांतली पहिली वेळ. खाली मस्तानी तलावावर ऊन उतरलं होतं.

"मेणबत्त्या गुलाबी होत्या ना?" सौ. म्हणाली.

"होत्या."

"पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून?"

"हो. मुद्दाम नाही गं. देवाशपथ. विसरूनच गेलो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडते आहे. पदर बाजूला केला तर बाईसाहेब हसत होत्या. इतक्या हसत होत्या, की छकुलीही आईकडे बघून खिदळायला लागली. "नारळ... दोन... नारळ..." एवढंच तिला बोलता येत होतं.

हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "अण्णांना मात्र सांगू नका हं कधी. तुम्हाला त्या भोकाचं माहीतच नव्हतं असं त्यांना वाटतंय. नुसते अडाणी समजताहेत, तेच बरं आहे."

त्यानंतर आम्ही खरोखरच दर रविवारी सासवडला जायला लागलो. माझ्याकडे आता न जाण्याचं कारण उरलं नव्हतं, आणि खरं म्हणजे ते शोधावंसंही वाटत नव्हतं. हळूहळू अण्णांचे प्रश्न मला आवडायला लागले. मी ऑफिसातून एखादा प्रश्न राखून ठेवायचो आणि रविवारी त्यांच्या पुढ्यात टाकायचो.

आता त्या कार्बोरेटरच्या गाड्याही गेल्या. २०२० सालच्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या मोटरसायकलींत पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. काही बिघडलं की समोर दिवा लागतो. माझा नातू म्हणतो, "आजोबा, गाडीच सांगते काय झालंय ते." मी म्हणतो, बाबा रे, आमचीही सांगत होती. दर वेळी सुस्कारा टाकून सांगत होती.

अण्णा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. सौ.ला दिलेला शब्द मी त्यांच्या हयातीत पाळला. पण तो पाळायची कितपत गरज होती याबद्दल मला शंका आहे. कारण १९८९ सालच्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आधी, आम्ही सासवडहून निघत होतो. अण्णांचा डोळा बरा झाला होता. ते अंगणापर्यंत आले, टाकीच्या झाकणावरून हळूच बोट फिरवलं आणि माझ्या हातात नीट घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि सुतळीचा तुकडा ठेवला.

"पावसाळ्यात ही बांधत जा, जावईबापू," ते म्हणाले. "हळदकुंकवाला मेणाचा वास येत नाही."